आधी मैदान, मग मालक

२०२५ सालच्या डिसेंबर महिन्यात अवघ्या आठवड्याच्या अंतराने दोन घटना घडल्या. ८ डिसेंबर रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि त्याचे व्यापारी भागीदार यांच्यातील पंधरा वर्षांचा करार संपला. हा करार २०१० साली झाला, त्या वेळी त्याची रक्कम ७०० कोटी रुपये जाहीर झाली होती. पुढचे हक्क घेण्यासाठी मागवलेल्या निविदांची मुदत ७ नोव्हेंबरला उलटून गेली होती आणि एकही निविदा आलेली नव्हती. देशातील सर्वांत मोठ्या फुटबॉल स्पर्धेला, म्हणजे इंडियन सुपर लीगला, कोणी धनी उरला नव्हता. त्यानंतर सहाच दिवसांनी लिओनेल मेस्सी मुंबईत आला. त्याला पाहण्यासाठी हजारो रुपयांची तिकिटे काढून लोकांनी वानखेडे मैदान भरून टाकले. तो महिना सरण्यापूर्वीच मुंबई सिटी या संघातील आपला हिस्सा परदेशी भागीदाराने, सिटी फुटबॉल ग्रुपने, सोडून दिला.

फुटबॉलवर प्रेम करणारे लोक या शहरात आहेत, हे वानखेडेवर दिसले. परंतु त्या प्रेमावर वर्षभर एक व्यावसायिक संघ जगू शकत नाही, हेही त्याच महिन्यात दिसले. या दोन गोष्टींतला फरक ज्यांनी ध्यानात घेतला नाही, त्यांनी गेली बारा वर्षे संघांची संख्या वाढवत नेली. ऑक्टोबर २०१४मध्ये ८ संघांनिशी सुरू झालेली ही स्पर्धा २०१७मध्ये १० संघांची झाली. पुढे ११, १२, १३ करत ती २०२६मध्ये १४ संघांपर्यंत पोहोचली. एरवी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारा हंगाम या वेळी १४ फेब्रुवारी २०२६ या तारखेपर्यंत लांबला आणि ९१ सामन्यांच्या आखूड कार्यक्रमावर त्याची बोळवण करावी लागली. संघ वाढले, पण खेळाची कमाई वाढली का, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

लोकसंख्या म्हणजे बाजारपेठ नव्हे

विस्ताराचे समर्थक नेहमी लोकसंख्येचे आकडे पुढे करतात. २०११च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. एवढ्या मोठ्या शहरात एका संघाला प्रेक्षक मिळणार नाहीत काय, असा त्यांचा सवाल असतो. या सवालाचे उत्तर परिसंवादात शोधण्याऐवजी घोडपदेवात शोधावे. भायखळ्याच्या पूर्वेला, हार्बर मार्गावरील रे रोड आणि कॉटन ग्रीन स्थानकांच्या अलीकडे वसलेली ही गिरणी कामगारांची आणि गोदी कामगारांची वस्ती. येथील न्यू हिंद मिलच्या जागेवर आज म्हाडाने बांधलेली गिरणी कामगारांची घरे उभी आहेत. नोकरी, मुलांची शाळा, घराचे हप्ते आणि वर्षाचे सणवार यांचा मेळ घालणारी ही कुटुंबे. खेळाची आवड त्यांना आहेच, किंबहुना ती त्यांच्या रक्तात आहे.

अशा एका चौघांच्या कुटुंबाने अंधेरीला फुटबॉलचा सामना पाहायला जायचे ठरवले, असे धरू. सामना संध्याकाळी साडेसातचा. कामावरून येऊन, गर्दीच्या वेळी मुलांना घेऊन कॉटन ग्रीनहून लोकल गाठायची आणि रात्री अकराच्या सुमारास घरी परतायचे. दुसऱ्या दिवशी शाळा आहेच. तिकीट ३०० रुपये धरले, तरी चौघांचे १,२०० रुपये झाले. प्रवास आणि खाणे मिळून ही एक संध्याकाळ दीड-दोन हजारांवर जाते. वर्षातून एकदा ही हौस होईल, पण दर पंधरवड्याला होणार नाही. दुसरीकडे तोच सामना घरच्या दूरदर्शन संचावर दिसतो आणि आवडीचा इंग्लिश किंवा स्पॅनिश संघही तेथेच दिसतो. म्हणजे कोटीच्या घरातील या शहरात फुटबॉलसाठी नियमाने खिशात हात घालणारे लोक मूठभरच ठरतात. मुंबई हे मोठे शहर आहे, पण फुटबॉलच्या हिशेबात ती छोटी बाजारपेठ आहे.

आता मालकाच्या बाजूने हिशेब करून पाहू. अंधेरीच्या फुटबॉल मैदानावर सुमारे सात हजार माणसे बसतात असे धरू. प्रत्येक आसन विकले गेले आणि प्रत्येकाने ३०० रुपये मोजले, तर एका सामन्याचे २१ लाख होतात. १३ संघांच्या स्पर्धेत घरच्या मैदानावर १२ सामने. सगळी मिळून रक्कम २ कोटी ५२ लाख. २०२०च्या सुमारास या स्पर्धेत एका संघाच्या खेळाडूंच्या पगारावर घातलेली कमाल मर्यादाच साडेसोळा कोटींची होती. म्हणजे एकही आसन रिकामे राहिले नाही, तरी तिकिटांतून पगाराचा जेमतेम सहावा-सातवा हिस्सा निघतो. प्रशिक्षक, विमानप्रवास, हॉटेल, मैदानाचे भाडे आणि स्पर्धेचे शुल्क यांचा खर्च त्यावर वेगळा. ही तफावत प्रायोजकाने आणि प्रक्षेपणाच्या पैशाने भरून काढायची असते. तो पैसा आटला की मालकाच्या पदरी केवळ तोटा राहतो.

संघ वाढवल्याने ही तफावत कमी होत नाही. प्रक्षेपणाची रक्कम तेवढीच राहिली, तर आठ संघांत प्रत्येकाला साडेबारा टक्के मिळाले असते. चौदा संघांत तेच सात टक्क्यांवर येतात. अमेरिकेतील मेजर लीग सॉकरचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. तेथे २००७ साली उतरलेल्या टोरांटोने प्रवेशासाठी १ कोटी डॉलर मोजले होते, तर २०२५मध्ये उतरलेल्या सॅन दिएगोने ५० कोटी डॉलर मोजले. परंतु तेथील नवा मालक ही रक्कम देतो, कारण आपली जागा उद्या अधिक भावाने विकली जाईल असा त्याला विश्वास वाटतो. आपल्याकडे काय झाले? पुण्याचा संघ २०१९मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. हैदराबादने २०२१-२२मध्ये विजेतेपद पटकावले, तरीही तो संघ आर्थिक अडचणीत सापडला आणि २०२५मध्ये दिल्लीला हलवावा लागला. विजेता संघही जेथे टिकत नाही, तेथे नव्या जागेचे मोल ते काय राहणार?

महाराष्ट्राचा ताळेबंद

हा केवळ तर्क नाही. महाराष्ट्राने या प्रयोगाची पुरेपूर किंमत मोजली आहे. २०१२-१३च्या आय-लीगमध्ये १४ संघ होते. त्यांतले चार महाराष्ट्रातले होते: एअर इंडिया, ओएनजीसी, मुंबई एफसी आणि पुणे एफसी. पुणे एफसीने त्या वर्षी उपविजेतेपद मिळवले होते. पाच वर्षांनंतर, २०१७-१८मध्ये, त्याच आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता.

एअर इंडिया आणि ओएनजीसी यांना २०१३मध्ये बाहेर काढण्यात आले. आशियाई महासंघाच्या परवाना-निकषांत कंपनीच्या खात्याचा संघ बसत नव्हता, हे त्याचे कारण. पुणे एफसी २०१५मध्ये स्पर्धेतून बाहेर पडला. पुण्यातच थेट प्रवेश मिळालेला भारत एफसी २०१४-१५च्या एकाच हंगामात शेवटच्या क्रमांकावर राहून संपला. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम खेळून २०१७मध्ये गेला. मुंबई एफसी त्याच वर्षी खालच्या पायरीवर घसरला आणि बंद झाला. त्याहीआधी, १९६२पासून मुंबईत नांदलेला आणि २००५-०६मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड २०१०मध्ये विसर्जित झाला होता. शेजारच्या गोव्यात साळगावकर, स्पोर्टिंग आणि पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवलेला धेंपो हे तीन नामांकित संघ २०१६मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. वरची पायरी पैशाच्या बळावर दिली जाणार, जिंकून मिळणार नाही, हा त्यांचा आक्षेप होता.

यात सर्वाधिक होरपळला तो खेळाडू. पूर्वी मुंबईचा चांगला फुटबॉलपटू रेल्वेत, बँकेत, तेल कंपनीत किंवा विमान कंपनीत नोकरीला लागे. सकाळी सराव, मग कार्यालय, आणि पाय थकले की उरलेली वर्षे टेबलापाशी. पगार बेताचा असे, पण निवृत्तीपर्यंत असे. मुलाने फुटबॉल खेळायला चाळीतले आईवडील परवानगी देत, ती याच भरवशावर. व्यावसायिकतेच्या नावाखाली हा भरवसा काढून घेतला गेला आणि त्याच्या जागी एक-दोन हंगामांचा करार आला. करार मोठ्या रकमेचा असतो, यात शंका नाही. परंतु संघच नाहीसा झाला तर सव्वीस वर्षांच्या तरुणाने जायचे कोठे, याचे उत्तर कोणत्याच करारात लिहिलेले नसते.

विस्ताराच्या बाजूने जे बोलले जाते, त्यातही तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. नव्या स्पर्धेने मैदाने सुधारली, उत्तम प्रशिक्षक आणले, भारतीय खेळाडूंच्या पगारात मोठी वाढ केली. एप्रिल २०२२मध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवले. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. पैसा ओतल्याशिवाय हे घडले नसते. मात्र हा पैसा दुसऱ्याच्या मर्जीचा होता. मर्जी फिरताच दर्जाही डळमळू लागला. उधारीच्या वैभवाला समृद्धी म्हणता येत नाही.

ऐजॉलने दिलेला धडा

छोट्या गावात व्यावसायिक फुटबॉल चालणारच नाही, असा याचा अर्थ आहे काय? मुळीच नाही. मिझोरामची राजधानी ऐजॉल हे २०११च्या जनगणनेनुसार तीन लाखांहूनही कमी वस्तीचे शहर. तेथे २०१२मध्ये मिझोराम प्रीमियर लीग सुरू झाली. खेळाडू स्थानिक, प्रेक्षक स्थानिक, सामने दाखवणारी केबल वाहिनीसुद्धा स्थानिक. मुंबई एफसीने २०१६मध्ये आपले अनेक वर्षांचे प्रशिक्षक खालिद जमील यांना निरोप दिला. ते ऐजॉलला गेले आणि २०१६-१७मध्ये त्यांनी त्या संघाला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला. कोटीच्या शहरातला संघ मिटला आणि तीन लाखांच्या गावातला संघ देशात पहिला आला. हेच खालिद जमील २०२५मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.

पुढे जे घडले, ते अधिक उद्बोधक आहे. इंडियन सुपर लीगमध्ये २०१७ साली दोन नव्या जागा निघाल्या, तेव्हा देशाचा विजेता ऐजॉल त्यांत नव्हता. त्या जागा बंगळुरू आणि जमशेदपूर यांना मिळाल्या. दोहोंच्या मागे मोठे उद्योगसमूह उभे होते. मैदानावर मिळवलेली पात्रता कमी पडली आणि धनादेशाची पात्रता पुरेशी ठरली. लहान शहरांनी जीव तोडून संघ उभा करण्याचे कारणच अशाने उरत नाही.

युरोपात हे दार उघडे आहे. स्पेनमधील एबार हे जेमतेम सत्तावीस हजार वस्तीचे गाव. २०१४मध्ये त्याचा संघ जिंकून वरच्या पायरीसाठी पात्र ठरला. नियमानुसार भागभांडवल वाढवायचे होते. तेव्हा कोणा एका धनाढ्याच्या दारात न जाता त्यांनी सामान्य माणसांना लहान लहान भाग विकले आणि सुमारे १७ लाख युरो उभे केले. आपल्या ऐपतीइतकाच खर्च करत हा संघ स्पेनच्या सर्वोच्च स्पर्धेत सात हंगाम टिकला. २०२१मध्ये तो खाली घसरला, पण बंद पडला नाही. घसरण आणि विनाश यांतला हा फरक आपल्या व्यवस्थेला अजून उमगलेला नाही.

तालमीची परंपरा

आपल्या राज्यात एबारसारखे काही शोधायचे तर दूर जावे लागत नाही. कोल्हापुरात फुटबॉल पेठांनी आणि तालमींनी वाढवला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालीम मंडळांचे, शिवाजी तरुण मंडळाचे आणि प्रॅक्टिस क्लबचे सामने पाहायला शाहू स्टेडियमवर हजारोंनी लोक तिकीट काढून जातात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था १९४०पासून हा व्याप सांभाळत आली आहे. २०१७मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव हा याच मातीतला.

कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये दोषही आहेत. पेठांची ईर्ष्या कधी हाणामारीवर जाते, आणि बाहेरून खेळाडू आणण्याच्या चढाओढीत मंडळांची तिजोरी रिकामी होते. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. एखाद्या वर्षी मंडळाचा संघ हरला, देणगीदार रुसला किंवा पैसा अपुरा पडला, तरी मंडळ बंद होत नाही. ते कोणा एकाच्या मालकीचे नसून पेठेचे असते. पेठ स्थलांतर करत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा वर्गणी निघते आणि पुन्हा संघ उतरतो. म्हणूनच कोल्हापूरला थेट वरच्या लीगची एक जागा द्या, ही अधूनमधून होणारी मागणी ऐकायला गोड वाटली तरी घातक आहे. वार्षिक खर्च कोटींवर गेला की मंडळाला मालक शोधावा लागेल. मालक आला की पेठ केवळ प्रेक्षक होईल. आणि तो मालक निघून गेला, की पुण्याचे जे झाले तेच येथेही होईल.

हाच धडा घोडपदेव, काळाचौकी, लालबाग, परळ येथील कबड्डी मंडळे देतात. गिरण्यांचे भोंगे बंद झाले, चाळींच्या जागी टॉवर आले, पण मंडळांची कबड्डी टिकली. ज्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो, त्या बुवा साळवींसारख्यांनी हा खेळ कार्यकर्त्यांच्या जोरावर देशभर नेला. २०१४मध्ये प्रो कबड्डी आली आणि याच मातीतल्या खेळाडूंना प्रथमच मोठा पैसा दिसला, ही आनंदाची गोष्ट होय. पण तीही स्पर्धा २०१७मध्ये ८ संघांवरून १२ संघांवर गेली आणि पुढे खर्च आवरण्यासाठी मोजक्या शहरांत आटोपू लागली. २०२४मध्ये तिचे सामने हैदराबाद, नोएडा आणि पुणे येथे झाले. २०२५मध्ये विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली येथे झाले. कबड्डीच्या माहेरघरी, मुंबईत, यू मुंबाचा एकही सामना या दोन हंगामांत झाला नाही. मग घोडपदेवचा मुलगा आपला म्हणवणारा संघ पाहणार कोठे? पडद्यावरच.

काय करायला हवे?

या सर्वांतून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. छोट्या बाजारपेठेत व्यावसायिक संघ चालू शकतो, पण तो खालून वर आला तरच. वरून आणून बसवलेला संघ प्रायोजकाच्या मर्जीपुरता जगतो. त्यामुळे नव्या जागा विकण्याचे तूर्त थांबवावे. वरची पायरी जिंकूनच मिळावी आणि हरल्यास खाली जावे लागावे. मागील वर्षाच्या सिद्ध उत्पन्नाच्या ठरावीक प्रमाणाबाहेर कोणत्याही संघाला पगारावर खर्च करू देऊ नये. संघ उतरवण्यापूर्वी मालकाने खेळाडूंच्या एका वर्षाच्या पगाराइतकी बँक हमी महासंघाकडे ठेवावी. संघ मोडला तरी त्या मुलाच्या घरची चूल विझणार नाही, एवढी व्यवस्था त्यातून होईल. शासकीय उपक्रमांनी आणि मोठ्या कंपन्यांनी खेळाडूंना नोकऱ्या देण्याची जुनी प्रथा पुन्हा जोमाने सुरू करावी. तिला मागासलेपणा समजणाऱ्यांनी गेल्या पंधरा वर्षांत बंद पडलेल्या संघांची यादी एकदा डोळ्यांखालून घालावी.

परंतु यातले काहीही मैदानाविना शक्य नाही. दक्षिण-मध्य मुंबईला एक मोठी संधी गिरण्यांच्या जमिनींच्या रूपाने मिळाली होती. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनींचा एक-तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी ठेवायचा होता. २००१मध्ये नियम बदलला आणि हा वाटा केवळ मोकळ्या भूखंडाच्या तुकड्यापुरता उरला. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. जेथे मैदाने व्हायची होती, तेथे मॉल आणि मनोरे झाले. आता घोडपदेवच्या पूर्वेला बंदराच्या जमिनी आहेत. २०१४मध्ये नेमलेल्या राणी जाधव समितीपासून त्यांच्या पुनर्विकासाची चर्चा सुरू आहे. गिरण्यांच्या वेळी मुंबईकर उशिरा जागे झाले. या वेळी तसे होऊ नये. रे रोड ते शिवडी या पट्ट्यात वस्तीतल्या मुलांना विनामूल्य खेळता येईल अशी चार-पाच पूर्ण आकाराची मैदाने आराखड्यात नावानिशी नोंदवून घेणे, हे काम स्थानिक मंडळे, शाळा आणि नागरिक एकत्र येऊन करू शकतात. हरकती आणि सूचना मागवल्या जातात, त्या मुदतीत लेखी अर्ज गेला पाहिजे आणि त्यावर एका घराची नव्हे, शेकडो घरांची सही असली पाहिजे.

संघासाठी कोटी मोजणारा मालक आज आहे, उद्या नसेल. वस्तीच्या नावावर नोंदलेले मैदान मात्र तीन पिढ्यांना पुरते. घोडपदेवच्या मुलांना आज नव्या संघाची घोषणा नको आहे. त्यांना शाळा सुटल्यावर चेंडू घेऊन धावता येईल अशी जागा हवी आहे. ती मिळाली, तर संघ त्यातूनच उभा राहील आणि त्याचे तिकीट काढायला घोडपदेवचे लोक आपण होऊन रांगेत येतील.